नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती: एका दिवसात नीट कसा बघावा

नांदुऱ्याच्या मारुतीला जाणारे बहुतेक लोक गाडीतून उतरले की थेट मूर्तीच्या पायाशी जातात, मान वर करतात, चार फोटो काढतात आणि शेगावच्या रस्त्याला लागतात. एवढी उंच मूर्ती पायाशी उभं राहून दिसत नाही. तिथून दिसतात पावलं, पोटऱ्या आणि हनुवटीचा खालचा भाग. मूर्ती बघायची तर अंतर, उजेड आणि वेळ या तिन्हींचा हिशेब आधी करावा लागतो. तो करायला कागद, दोरी आणि एक काठी पुरते.

नांदुरा हे बुलडाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मलकापूर आणि शेगाव यांच्या मधोमध, मुंबई–हावडा रेल्वेमार्गावर. ज्याला अजूनही सगळे ‘सहा नंबरचा हायवे’ म्हणतात आणि ज्याचा नवा क्रमांक ५३ आहे, तो महामार्गही इथूनच जातो. मूर्ती २००१ सालची. २००३ मध्ये आंध्रातल्या परिताला इथे १३५ फुटांचा आणि २०१० मध्ये सिमल्याच्या जाखू टेकडीवर १०८ फुटांचा हनुमान उभा राहिला. पण इथे सपाट वऱ्हाडात, चहूकडे कपाशी आणि तुरीची शेतं असताना १०५ फूट उंचीचा जो ठसा उमटतो, तो वेगळा.

दिवस कोणता धरायचा

शेतीच्या घरांसाठी सगळ्यात सोयीचा काळ मकरसंक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा. सोयाबीन कधीच निघालेलं असतं, कापसाचा मोठा वेचा झालेला असतो, सकाळी गारवा असतो आणि दुपारी उन्हात उभं राहता येतं. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे आभाळ सर्वांत निळं असतं, पण तेव्हा वेचणीला माणूस मिळत नाही, त्यामुळे घरचं कुणी ना कुणी मागे राहतं. एप्रिल-मे टाळा. पारा ४४–४५ ला गेला की मूर्तीभोवतीच्या फरशीवर अनवाणी दोन मिनिटंही थांबता येत नाही.

वार बघताना दोन्ही गावांचा विचार करा. नांदुऱ्याला शनिवारी, श्रावणातल्या शनिवारी आणि चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंतीला गर्दी. शेगावला गुरुवारी गर्दी असतेच, शिवाय माघ वद्य सप्तमीचा गजानन महाराजांचा प्रकट दिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी. या दिवशी मलकापूर ते अकोला पट्ट्यातल्या गाड्यांना दारात लटकून माणसं असतात. दर्शन म्हणून जायचं असेल तर त्याच दिवशी जावं, त्याला पर्याय नाही. मूर्ती निवांत बघायची असेल तर मंगळवार-बुधवार बरा.

उजेड आधी, गाडीची वेळ नंतर

मूर्तीच्या तोंडावर ऊन कधी पडतं, हे घरबसल्या कळतं. मोबाईलच्या नकाशात उपग्रहाचं चित्र उघडा, नांदुऱ्यावर या आणि मूर्ती शोधा. वरून मूर्ती लहानशीच दिसते, पण तिची लांब सावली लगेच ओळखू येते. सावली मूर्तीच्या कोणत्या बाजूला आहे हे बघू नका, ती चित्र घेतलेल्या वेळेनुसार बदलते. मूर्तीसमोरचं मोकळं आवार आणि येण्याची वाट कोणत्या दिशेला आहे ते बघा, कारण तोंड बहुतेक तिकडेच असतं. खात्रीसाठी कुणीही समोरून काढलेला फोटो घ्या आणि त्यातला आजूबाजूचा रस्ता नकाशाशी जुळवा.

मग नियम सोपा आहे. तोंड पूर्वेला असेल तर सकाळी साडेदहापर्यंत पोचा, पश्चिमेला असेल तर तीननंतर. दक्षिणेला असेल तर हिवाळ्यात दिवसभर उजेड मिळतो. उत्तरेला असेल तर हिवाळ्यात चेहऱ्यावर थेट ऊन पडतच नाही, अशा वेळी पातळ ढगांचा दिवस उलट चांगला. उन्हाळ्यात भर दुपारी कोणत्याही दिशेला एकच गोष्ट होते: मुकुटाची आणि भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळे नुसत्या काळ्या खोबणी दिसतात. मेच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमाराला तर दुपारी सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर येतो आणि सगळी मूर्ती सपाट दिसते.

जायचं कसं

रेल्वेने जायचं तर नांदुरा स्टेशन आहेच, पण इथे पॅसेंजर, मेमू आणि मोजक्याच एक्स्प्रेस थांबतात. मलकापूरला आणि शेगावला थांबणाऱ्या गाड्या पुष्कळ जास्त. दोन्हीकडून नांदुरा पंचवीसेक किलोमीटर. म्हणून लांबून येणाऱ्यांनी मोठ्या स्टेशनवर उतरून पुढे एसटी धरावी. नांदुऱ्याच्या गाडीसाठी अडून बसण्यात अर्धा दिवस जातो. खामगावकडून जलंब फाट्याच्या छोट्या रेल्वेने येता येतं, पण तिच्या फेऱ्या कमी, त्यापेक्षा एसटी सोयीची. गाडी वेळेवर आहे का हे १३९ वर विचारता येतं.

अनारक्षित तिकिटाची एक अट बऱ्याच जणांना माहीत नसते. १९९ किलोमीटरपर्यंतच्या साध्या तिकिटावर, तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे नंतरचं असेल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. संध्याकाळची गर्दी टळावी म्हणून परतीचं वेगळं तिकीट सकाळीच काढून ठेवलं तर ते संध्याकाळी चालत नाही आणि दंड भरावा लागतो.

एसटीचा हिशेब घरातल्या माणसांवर ठरतो. ७५ वर्षांच्या पुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, सगळ्या वयाच्या बायकांना अर्धं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं आणि पाचच्या आतल्यांना काहीच नाही. समजा घरातून सहाजण निघाले: ७८ वर्षांचे आजोबा, ७० वर्षांची आजी, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. एसटीत ही सहा माणसं अडीच तिकिटांत बसतात. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद असल्यामुळे तीच माणसं साडेचार तिकिटांची होतात. रेल्वेचं साधं भाडं मुळात कमी आहे, तेव्हा दोन्ही बेरजा करून बघा. आजी-आजोबांचं आधार कार्ड पिशवीच्या तळाशी न ठेवता कंडक्टरला चटकन दाखवता येईल असं वरच ठेवा.

दहा-बाराजण असतील तर गावातली क्रूझर ठरवणं परवडतं. ठरवताना फक्त किलोमीटरचा दर विचारून थांबू नका. दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, थांबल्याचे पैसे लागणार का, टोल आणि चालकाचं जेवण कुणाकडे, हे चार प्रश्न निघण्याआधी विचारा. भांडण होतं ते कायम याच चार गोष्टींवरून. मालक म्हणाला ‘बघून घेऊ’ तर रक्कम चिठ्ठीवर लिहून घ्या. चौपदरी रस्त्यावरून येताना नांदुरा गावाकडे वळणारा फाटा चालकाला आधीच विचारून ठेवायला सांगा. तो चुकला की वळायची जागा मिळेपर्यंत बरंच पुढे जावं लागतं आणि उलट्या बाजूने गाडी घालण्याचा मोह होतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं भरून या महामार्गावर येऊ नका. ट्रॉलीला माणसं नेण्याची परवानगी नाही, मागचे दिवे बहुतेक बंद असतात आणि मागून ऐंशीच्या वेगाने ट्रक येतात. देवाला जाताना झालेले असे अपघात वऱ्हाडात दर वर्षी ऐकू येतात.

बघण्याची चार अंतरं

आधी आपलं पाऊल मोजून घ्या. अंगणात दहा पावलं नेहमीच्या चालीने चाला, टेपने मोजा, दहाने भागा. मोठ्या माणसाचं पाऊल साधारण सव्वादोन ते अडीच फूट भरतं. पुढचे आकडे अडीच फुटांच्या पावलाचे आहेत.

पहिला थांबा मूर्तीपासून सुमारे १२० पावलांवर, म्हणजे तीनशे फुटांवर. उंचीच्या तिप्पट अंतरावर उभं राहिलं की मूर्ती आणि तिच्या भोवतीचं गाव एकत्र दिसतं. घरं, विजेचे खांब, झाडं यांच्या शेजारी तिचा आकार मनात बसतो. गावात एवढी मोकळी जागा सरळ रेषेत मिळेलच असं नाही. रस्त्याच्या पलीकडे, एखाद्या गल्लीच्या तोंडाशी किंवा शेताच्या बांधावर शोधावी लागते. यासाठी दहा मिनिटं द्या. तुमच्या सगळ्या सहलीत याच दहा मिनिटांचं मोल जास्त आहे.

दुसरा थांबा उंचीच्या दुप्पट अंतरावर, सुमारे ८४ पावलं. इथून मान फार न उचलता मूर्ती एका नजरेत मावते. मूर्तीचा डौल इथूनच कळतो: भार कोणत्या पायावर आहे, खांदे किती रुंद, गदेचा तोल कसा साधलाय.

तिसरा थांबा सर्वांत महत्त्वाचा आणि तोच कुणी घेत नाही. उंचीएवढ्या अंतरापेक्षा किंचित कमी, म्हणजे ९५ ते १०० फुटांवर, साधारण ४० पावलं. चेहरा सर्वांत मोठा इथून दिसतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण जवळ गेलं की वस्तू मोठी दिसते असा आपला अनुभव असतो. पण चेहरा शंभर फूट वर आहे. तुम्ही पायाकडे सरकता तसं चेहऱ्यापर्यंतचं अंतर फारसं कमी होत नाही, उलट तुम्ही त्याच्या खाली जाता आणि तो तुमच्याकडे तिरका होत जातो. गणित मांडलं तर ३० फुटांवरून चेहरा डोळ्याला जेवढा लहान दिसतो, तेवढाच लहान तो ३०० फुटांवरून दिसतो. शंभर फुटांवर तो या दोन्हींच्या जवळपास पावणेदोनपट भरतो. मूर्तीकारानं मान थोडी खाली झुकवलेली असेल तर ही जागा अजून थोडी पुढे सरकते. म्हणून ४० पावलांवर थांबा आणि तिथून चार-पाच पावलं पुढेमागे करून बघा, जागा स्वतःच सापडते. आजी-आजोबांसाठी सतरंजी अंथरायची ती याच जागी.

पायाशी सर्वांत शेवटी जा. तिथे चेहरा बघायचा नाही. तिथे बघायचं घोटे, बोटं, चौथऱ्याचा सांधा.

मागे सरकताना एकानं राखण करावी. डोळे वर आणि पाय मागे असा माणूस रस्त्यावर कधी जातो ते त्याला कळत नाही.

काय काय न्याहाळायचं

आपल्या मूर्तिशास्त्रात चेहऱ्याच्या लांबीला एक ताल म्हणतात, तो बारा अंगुळांचा. नवताल मूर्ती म्हणजे नऊ चेहऱ्यांएवढी उंच, १०८ अंगुळांची. हे माप तुम्ही स्वतः तपासू शकता. तीनशे फुटांवरच्या जागी एक डोळा मिटा, हात सरळ ताणून त्यात पेन उभा धरा, पेनचं टोक मुकुटाखाली कपाळावरच्या केसांच्या रेषेला लावा आणि अंगठा हनुवटीवर आणा. ते माप न हलवता खाली खाली उतरवत मोजा. नऊ भरले तर चेहरा शास्त्रात सांगितल्यासारखा, म्हणजे साडेअकरा फुटांच्या आसपास: घरातल्या खोलीच्या उंचीपेक्षा जास्त. सहा-सातच भरले तर मूर्तीकारानं डोकं मुद्दाम मोठं केलंय, खालून बघणाऱ्याला ते बारीक दिसू नये म्हणून. उंच मूर्तींत असं सर्रास करतात आणि ते कसबाचं काम आहे. ही मोजणी शंभर फुटांवरून किंवा पायाशी करू नका. जवळून खालचा भाग मोठा आणि वरचा लहान दिसतो, त्यामुळे आकडा खोटा येतो.

घोट्यांकडे बघा. माणसाच्या घोट्याशी तुलना केली तर उभ्या उंच मूर्तीचे घोटे कायम जाड असतात. साडेपाच फुटांच्या माणसाची उंची १९ पट केली की अंगाचं क्षेत्रफळ १९ गुणिले १९, म्हणजे ३६१ पट होतं आणि आकारमान ६,८५९ पट. भरीव मूर्ती उभी केली तर एवढं वजन दोन घोट्यांवर येईल. म्हणून आजच्या अशा मूर्ती भरीव नसतात. आत आरसीसीचा किंवा लोखंडाचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर सिमेंटचे थर, वर रंग. वाऱ्याचा जोर छातीवर आणि खांद्यांवर येतो आणि तो पायांना मुळाशी सोसावा लागतो. शेपूट, गदेचा दांडा, मागे सोडलेलं वस्त्र हे नुसती सजावट नसून अनेकदा टेकूचं काम करतं. एक फेरी मारून मागची बाजू जरूर बघा, तिथे मूर्ती कशी उभी राहिली ते जास्त कळतं.

वऱ्हाडात मेमधल्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे तापमानात तीस-पस्तीस अंशांचा फरक पडतो. सिमेंट रोज फुगतं आणि आक्रसतं, म्हणून अशा मूर्तींच्या काखेत, कोपराच्या वळणावर आणि दोन थरांच्या सांध्यावर बारीक तडे आधी येतात. त्यात पावसाचं पाणी शिरलं की आतली सळई गंजते, फुगते आणि वरचा थर सोलून टाकते. दर काही वर्षांनी रंगकाम निघतं त्याचं हेही कारण.

मुलांसाठी: काठी आणि सावलीने उंची मोजा

लागणारं सामान: तीन फुटांची सरळ काठी, ५० फुटांचा टेप, सुतळी, दोन खडू, वही. माणसं तीन.

ऊन कडक हवं आणि वेळ साधारण ११ ते १ ची. नांदुऱ्याला सूर्य सर्वांत उंच येतो तो घड्याळात बाराला नाही, महिन्यानुसार १२ वाजून १० ते ४० मिनिटांच्या दरम्यान. सकाळी नऊला हे करू नका. जानेवारीत त्या वेळी सावली सव्वादोनशे फुटांच्या पुढे जाते आणि तिचं टोक भिंतीवर किंवा रस्त्यावर पडतं.

काठी सपाट जागी उभी करा. ती सरळ आहे का ते सुतळीला दगड बांधून, ओळंबा धरून बघा. जमिनीच्या वर काठी किती इंच आहे ते मोजा. मग एकानं काठीच्या सावलीच्या टोकावर आणि दुसऱ्यानं मूर्तीच्या सावलीच्या टोकावर एकाच वेळी, आवाज देऊन खडूने खूण करावी. पाच-दहा मिनिटांच्या अंतराने केली तर सावली सरकते आणि हिशेब चुकतो. मग दोन्ही लांबी निवांत मोजा. मूर्तीच्या सावलीची लांबी गुणिले काठीची उंची भागिले काठीची सावली, ही मूर्तीची उंची.

डिसेंबरच्या अखेरीला इथे दुपारी ऊन ४५ अंशांच्या जवळ येतं, त्यामुळे सावली जवळजवळ उंचीएवढीच पडते. ३६ इंची काठीची सावली ३५ इंच आणि मूर्तीची १०२ फूट आली तर १०२ गुणिले ३६ भागिले ३५ म्हणजे १०४.९ फूट.

बहुतेकांचं उत्तर कमी येतं, कारण ते चौथऱ्याच्या कडेपासून मोजतात. सावली मुकुटाच्या टोकाची आहे, तेव्हा मोजायचं ते त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून. तिथे जाता येत नाही म्हणून चौथऱ्याची त्या दिशेची अर्धी रुंदी मोजून मिळवा. दुसरी अडचण सावलीच्या धूसर टोकाची. सूर्य ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे शंभर फुटांवरून पडलेल्या सावलीच्या टोकाला जवळपास दोन फुटांचा अर्धवट पट्टा असतो. खूण त्या पट्ट्याच्या मध्यावर करा. जमीन उताराची असेल तर उत्तर सरळ बिघडतं, दुसरी वेळ किंवा दुसरी बाजू निवडा. आणि आलेली उंची जमिनीपासूनची आहे, चौथऱ्यासकट, हे वहीत लिहा.

ऊन नसेल तर चौरस कागद कोनावर घडी घालून ४५ अंशांचा त्रिकोण करा. उभ्या कडेला ओळंबा धरा, तिरक्या कडेवरून मुकुटाचं टोक दिसेपर्यंत मागे सरका. तुमचं मूर्तीपासूनचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, एवढी मूर्ती.

फोटो

मोबाईल वर वाकवून काढलेल्या फोटोत मूर्ती मागे कलंडल्यासारखी दिसते. टाळायचं तर १४५–१५० फुटांवर जा, मोबाईल उभा आणि अगदी सरळ धरा, न वाकवता. मुकुट वरच्या कडेला मावतो. खालच्या अर्ध्यात नुसती जमीन येते, ती नंतर कापून टाका. जवळून ०.५ ची रुंद लेन्स वापरू नका, पाय भोपळ्यासारखे आणि डोकं लिंबाएवढं येतं.

आभाळ पांढरं असेल तर बोट चेहऱ्यावर टेकवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर फिकट भाग आभाळात विरून जातात.

आकार दाखवायचा असेल तर माणसाला मूर्तीच्या चौथऱ्याशी उभं करा. साडेपाच फुटांचा माणूस मूर्तीच्या एकोणिसाव्या हिश्शाएवढा येतो आणि बघणाऱ्याला धक्का बसतो. घरच्यांचे चेहरे ओळखू यायला हवे असतील तर मूर्तीपासून २०० फुटांवर उभे राहा, माणसांना तुमच्यापुढे दहा फुटांवर उभं करा आणि थोडं बाजूला सरकवा. त्या अंतरावर माणूस आणि मूर्ती फोटोत सारख्या उंचीची येतात.

पाय, ऊन, आग्या मोहोळ

चपला काढायच्या जागेपासून मूर्तीपर्यंत फरशी तापलेली असू शकते. जाड पांढरे सुती मोजे प्रत्येकाच्या पिशवीत ठेवा. लहान मुलांना कडेवर घ्या, त्यांच्या तळव्यांची कातडी पातळ असते. आजीच्या पायाला मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर विशेष जपा: चटका कळत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतात.

हिवाळ्यात माणशी दीड-दोन लिटर पाणी, मार्चनंतर तीन-चार लिटर. दुपट्टा ओला करून डोक्याला बांधा. कुणाला गरगरलं तर सावलीत आडवं करून अंग ओलं करा, वारा घाला आणि शुद्धीत असेल तर जलसंजीवनी घोट-घोट द्या: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंग तापलंय, घाम थांबलाय आणि माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं तर काहीही पाजत बसू नका, १०८ ला फोन करा आणि तोवर अंगावर पाणी ओतत राहा.

उंच मूर्ती, पाण्याच्या टाक्या, पूल ही आग्या मोहोळाची आवडती ठिकाणं. पोचल्यावर हनुवटीखाली, काखेत आणि हाताच्या खाली नजर टाका. काळसर, अर्धगोल पोळं दिसलं तर त्या बाजूला फटाके, धूर, मोठा आवाज काही नको. माशा उठल्याच तर दुपट्ट्याने डोकं-तोंड झाकून सरळ पळा आणि गाडीत किंवा बंद खोलीत जा. हात झटकू नका. काटा नखाने लगेच खरवडून काढा. खूप काटे लागले किंवा श्वास जड झाला तर थेट दवाखाना.

रुईच्या पानांची माळ घरून नेत असाल तर पानं तोडल्यावर हात साबणाने धुवा. चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, आणि मुलं माळ ओवता ओवता डोळे चोळतात. तेल ठरवलेल्या जागीच वाहा, फरशीवर सांडलेल्या तेलावरून म्हातारी माणसं घसरतात.

पावसाळ्याच्या तोंडावर दुपारी आभाळ भरून आलं तर मूर्तीच्या आडोशाला थांबू नका. वीजरोधक असला तरी तो मूर्तीला वाचवतो, तिच्या पायाशी उभ्या माणसाला नाही. गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा. मोबाईलमध्ये ‘दामिनी’ अॅप असेल तर वीज जवळपास पडतेय का ते आधी कळतं.

शिदोरी

दुधात किंवा गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या दशम्या, जवसाची चटणी, कोरडा ठेचा, भाजलेले शेंगदाणे आणि कांदा. हे दुपारपर्यंत बिघडत नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची रसभाजी आणि दहीभात डब्यात आंबतात, ते नेऊ नका. शेगावला जाणार असाल तर तिथे महाप्रसाद आहे आणि कचोरी तर आहेच. पण कचोरी गरम असतानाच खा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरी आणली तर वाफेने मऊ पडते, न्यायचीच असेल तर कागदी पुडीत न्या.

परतीचा हिशेब उलटा करा

दिवसाचं वेळापत्रक सकाळपासून मांडू नका, रात्रीच्या मुक्कामी गाडीपासून मांडा. तालुक्याच्या स्टँडवरून तुमच्या गावाला जाणारी शेवटची एसटी कधी सुटते ते आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारा. समजा ती साडेसातची आहे. तर तालुक्याला सातला पोचायला हवं, म्हणजे खामगाव किंवा मलकापूर कधी सोडायचं ते ठरलं, म्हणजे नांदुऱ्यातून कधी निघायचं ते ठरलं. प्रत्येक गाडी बदलताना अर्धा तास राखून ठेवा. शेगाव जोडायचं असेल तर ते मध्ये घाला, शेवटी नको, कारण दर्शनाच्या रांगेचा वेळ तुमच्या हातात नसतो. मूर्तीसाठी दीड तास धरा. सावली मोजणार असाल तर अडीच.

मुक्कामी गाडी चुकली तर स्टँडबाहेर काळी-पिवळी आणि मॅजिक असतात, पण रात्री त्या गाडी भरल्याशिवाय निघत नाहीत आणि भाडं दीडपट सांगतात. बसण्याआधी माणशी भाडं आणि नेमकं कुठल्या फाट्यावर सोडणार ते ठरवून घ्या. फाट्यापासून गाव आत असेल तर घ्यायला येणाऱ्याला दिवसा उजेडीच फोन करून ठेवा, आणि सकाळी निघताना पिशवीत एक बॅटरी टाका.